आमच्या अंगणवाडीतला ‘बी’चा आठवडा



या महिन्याच्या भित्तिपत्रकात अभ्यासलेख लिहिण्याची पाळी सातवीची आहे. गुरुजींनी विचारले, “कोण लिहील?” मी हात वर केला. हात वर करताना माझ्या छातीत धडधडत होते. कारण या आठवड्यात जे चांगले झाले त्यात माझा थोडा हात आहे आणि जे वाईट झाले त्यातही माझाच हात आहे. गुरुजी म्हणाले, “दोन्ही लिही. नुसते चांगले लिहिलेस तर तो अभ्यास होत नाही, ती जाहिरात होते.” म्हणून दोन्ही लिहिते.

आपल्या शाळेच्या आवारात, पिंपळाच्या पलीकडे अंगणवाडी आहे हे सर्वांना ठाऊक आहेच. तीन ते सहा वर्षांची बावीस मुले तिथे येतात. त्यांत माझा धाकटा भाऊसुद्धा आहे. तो साडेतीन वर्षांचा आहे. कार्यानुभवाच्या तासाला आम्हा सातवीच्या चौघींना एक आठवडा अंगणवाडीताईंच्या हाताखाली काम करायला पाठवले होते. सप्टेंबरचा शेवट होता. रब्बीच्या पेरणीची घाई चालू होती. ताईंनी त्या आठवड्याचा विषय ठरवला होता ‘बी’.

विषयाचा आठवडा म्हणजे काय?

आपल्या वर्गात एक तास गणिताचा, एक तास भाषेचा, एक तास विज्ञानाचा असतो. लहान मुलांना असे तुकडे समजत नाहीत. ताईंनी आम्हाला सोपे करून सांगितले. त्या म्हणाल्या, “लहान मूल जत्रेतून आले की काय काय सांगते ते आठवा. पाळणा सांगते, शेवरेवडी सांगते, हरवलेली चप्पल सांगते, सगळे एकदम सांगते. त्याच्या डोक्यात तास पडलेले नसतात.” म्हणून एक ओळखीचा विषय घ्यायचा आणि त्याच्याभोवती गाणे, गोष्ट, मोजणी, चित्र, खेळ आणि हाताचे काम सगळे गुंफायचे. पाणी, घर, बाजार, पाऊस, बैल, असा कोणताही विषय चालतो. मात्र तो विषय मुलांच्या हाताला लागणारा असावा. समुद्र हा विषय आपल्या गावात चालणार नाही. बी चालते, कारण बी प्रत्येकाच्या घरात आहे.

मला आधी वाटले होते की ही काहीतरी नवीन टूम असेल. पण गुरुजींनी इतिहास सांगितला. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८३७ साली लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘मुलांची बाग’. त्याच्या बागेत मुलांना स्वतःचे छोटे वाफेही असत. पुढे १९०७ साली इटलीतील रोम शहरात मारिया माँटेसरी या डॉक्टरीणबाईंनी गरीब वस्तीत ‘बालगृह’ काढले. मूल हाताने शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे जाऊन काम शिकल्या. नंतर ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आता पालघर जिल्ह्यात) बोर्डी या गावी बालवाडी काढली. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. वस्तीवरची गरीब मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी म्हणून ‘अंगणवाडी’. आणि महागडी साधने विकत न घेता शंख, शिंपले, खडे, पाने, बिया यांचीच साधने केली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. तर मंडळी, बिया हातात घेऊन शिकणे ही टूम नाही, ती आपल्या आजीच्या वयाची पद्धत आहे.

आता रोज काय काय केले ते लिहिते.

सोमवार : बिया गोळा करणे आणि नावे शिकणे

मुलांना शनिवारीच सांगितले होते की घरून चिमूटभर बी आणा. कोणी ज्वारी आणली, कोणी बाजरी, हरभरा, तूर, मटकी, भुईमुगाच्या शेंगा आणल्या. एकाने खिशातून चिंचोके काढले. एका मुलीने आंब्याची वाळलेली कोय आणली. ती म्हणाली, “ही आमच्या दाराम्होरल्या आंब्याची आहे, परत द्या.”

ताईंनी आधी सगळ्या बिया ताटात पसरल्या आणि दोन पुड्या बाजूला काढल्या. एका पुडीत गुंजा होत्या. लालभडक, काळ्या टिक्क्याच्या. दिसायला फार सुंदर, पण विषारी. दुसऱ्या पुडीत दुकानातून आणलेले गुलाबी रंगाचे बियाणे होते. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते, तो रंग त्या औषधाचा. ते मुलांच्या हातात कधीच द्यायचे नाही. एरंड, धोतरा, कण्हेर यांच्या बियाही विषारी असतात. पालकांनी हे लक्षात ठेवावे.

मग नावांचा खेळ झाला. तुम्हाला माहीत आहे का, आपल्या भाषेत बीला किती नावे आहेत? आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, कापसाची सरकी, तुरीचा दाणा, सीताफळाची बी. एवढे शब्द मुलांनी खेळता खेळता पाठ केले. पुस्तकातून पाठ करायला आपल्याला दोन दिवस लागले असते. एकाने विचारले, “नारळाच्या बीला काय म्हणायचे?” ताई म्हणाल्या, “नारळ.” तो पोट धरून हसला.

त्याच दिवशी तीन डब्यांत माती भरून भिजवलेली मटकी पेरली. पहिला डबा खिडकीत ठेवला आणि त्याला रोज पाणी घातले. दुसरा कपाटात अंधारात ठेवला, त्यालाही पाणी घातले. तिसरा खिडकीत ठेवला, पण त्यात कोरडी मटकी आणि कोरडी माती, पाणी नाही. डब्यांवर लिहून उपयोग नव्हता, कारण मुलांना वाचता येत नाही. म्हणून चित्रे काढली. सूर्य आणि थेंब, काळा गोल आणि थेंब, फक्त सूर्य.

मंगळवार : निवडणे, मोजणे, भिजवणे

सुपात सगळे धान्य मिसळले आणि मुलांनी निवडले. आधी रंगावरून, मग आकारावरून. ताईंनी आम्हाला विचारले, “यात गणित कुठे आहे?” आम्हाला सांगता येईना. त्या म्हणाल्या, “सारखे काय आणि वेगळे काय हे कळणे, ही गणिताची पहिली पायरी. आकडे नंतर येतात.” शिवाय अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीत दाणा धरताना बोटांना जो व्यायाम होतो, तोच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतो. ज्या मुलाची चिमूट पक्की नाही, त्याचे अक्षर कसे पक्के होणार?

मोठ्या, म्हणजे पाच वर्षांच्या मुलांनी चिंचोक्यांचे पाच पाचचे ढीग केले. चिंचोका फरशीवर घासून फोडला की एक बाजू पांढरी, एक काळी असा फासा होतो. तो टाकून किती पांढरे पडले ते मोजायचे. आपण घरी पावसाळ्यात हेच खेळतो ना? त्यात बेरीज आहे हे मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी एक वाटी हरभरा मोजून भिजत घातला. बुधवारी सकाळी तो मोजला तर सुमारे दोन वाट्या भरला. मुले आश्चर्याने बघत राहिली. एक म्हणाला, “राती कुणीतरी आनून टाकला.” मग ताईंनी एक कोरडा आणि एक भिजलेला दाणा शेजारी शेजारी ठेवून दाखवला. दाणे तेवढेच, पण प्रत्येक दाणा फुगला होता.

बुधवार : जे माझ्या हातून घडले ते

त्या दिवशी मी सर्वांत लहान मुलांच्या गटावर होते. माझ्या गटात सहा मुले होती आणि त्यांत माझा भाऊ होता. मी त्यांना गोष्ट सांगितली. बीला झोप येते, तिला ओलसर, उबदार आणि अंधारी जागा मिळाली की ती आत झोपते आणि मग जागी होऊन तिला कोंब फुटतो. गोष्ट मीच रचली होती आणि मुले तोंड उघडे ठेवून ऐकत होती. मला फार अभिमान वाटला. ताईंनी सांगितले होते की लहान गटाच्या पुढ्यात बारीक दाणे असतील तर जागेवरून उठायचे नाही. पण पाण्याचा तांब्या रिकामा झाला म्हणून मी तो भरायला हौदावर गेले. जाऊन येऊन दोन मिनिटे लागली असतील.

परत आले तो एक चिमुरडी माझा परकर ओढून म्हणाली, “अक्का, त्यानं नाकात पेरलं.”

मला आधी हसू आले. मग भावाकडे पाहिले. तो एक बोट नाकाला लावून अगदी शहाण्यासारखा बसला होता. म्हणाला, “नाकात वलं असतंय. अंधार बी असतोय.” त्याने हरभऱ्याचा दाणा नाकात घातला होता. माझी गोष्ट त्याला पुरती समजली होती.

मी घाबरून ओरडले. मदतनीस मावशी धावत आल्या. कोणी म्हणाले आकड्याने काढा, कोणी म्हणाले नाकात पाणी सोडा म्हणजे वाहून येईल. मी केसातला आकडा काढलासुद्धा होता. ताईंनी माझा हात धरला. त्या म्हणाल्या, “काही घालायचे नाही. पाणी तर मुळीच नाही. मंगळवारी हरभऱ्याचे काय झाले, आठव.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका वाटीच्या दोन वाट्या! दाणा नाकाच्या ओलाव्याने आत फुगत होता.

ताईंनी भावाला मांडीवर बसवले, तोंडाने श्वास घ्यायला सांगितला आणि त्याला रडू दिले नाही, कारण रडताना हुंदका आत ओढला तर दाणा आणखी वर जातो. एका मुलाचे वडील पोहे पोचवायला आले होते, त्यांच्या मोटारसायकलवर ताई त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. मी मागे राहिले. तो दीड तास मी पिंपळाच्या पारावर बसून होते. आई शेतात तिफणीमागे होती. तिला कसे सांगायचे या विचाराने मला काही सुचत नव्हते.

दाणा निघाला. डॉक्टरांनी बारीक चिमट्याने धरताना तो मऊ झालेला दाणा मधोमध फुटला आणि दोन डाळिंब्या एकामागून एक बाहेर आल्या. थोडे रक्त आले आणि लगेच थांबले. भावाने दाणा परत मागून गोंधळ घातला, म्हणून त्यांनी त्या डाळिंब्या कागदात बांधून दिल्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी ताईंनी आम्हाला फळ्यावर लिहून दिल्या. त्या अशा :

१. नाकात किंवा कानात काही गेले तर घरी आकडा, काडी, पिन घालून कोरू नये. वस्तू आणखी आत जाते.
२. दाणा गेला असेल तर पाणी किंवा तेल सोडू नये. धान्य फुगते.
३. मुलाला धाक घालू नये, मारू नये. शांत ठेवून दवाखान्यात न्यावे.
४. खेळण्यातला किंवा घड्याळातला बटणासारखा चपटा सेल गेला असेल तर एक क्षणही थांबू नये. तो काही तासांत आतली कातडी जाळतो.
५. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे खायला देऊ नयेत. ते श्वासनळीत अडकले तर जिवावर बेतते.
६. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काही अडकले आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

गुरुवार : पालकांची बैठक

गुरुवारी सकाळी अंगणवाडीच्या दारात दहा-बारा पालक जमले. माझी आजी सर्वांच्या पुढे होती. ती ताईंना म्हणाली, “बाई, पोरगं शाळंत धाडलं ते चार अक्षरं गिरवाया. नाकात हरभरं घालाया न्हाई. बिया काय आमच्या घरात न्हाईत व्हय?” आणखी दोघे म्हणाले की तालुक्याच्या गावी बालवर्ग आहे, तिथे तीन वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे लिहायला लावतात, आम्ही पोरांना तिकडेच घालतो. जीपगाडी दारात येते.

ताई काही बोलायच्या आत मीच पुढे झाले. म्हणाले, “ताईंची चूक नाही. मी जागा सोडली. मला सांगितले होते तरी सोडली.” सगळे माझ्याकडे पाहू लागले. आईने डोळे मोठे केले. मला वाटले आता मार बसणार. पण ताई म्हणाल्या, “चूक तिची आहे, तशी माझीही आहे. सहा लहान मुले आणि बारीक दाणे एकाच मोठ्या मुलीच्या हवाली करणे चुकलेच. आजपासून नियम बदलला.” त्यांनी लगेच नियम सांगितले. चार वर्षांखालच्या मुलांना फक्त मोठ्या बिया, म्हणजे कोय, नारळ, बंद शेंगा. बारीक बिया झाकण पक्के लावलेल्या बाटलीत घालून त्यांचे खुळखुळे. निवडण्याचे काम फक्त मोठ्या गटाला आणि तेही ताई शेजारी असतानाच. काम सुरू करताना दाणे मोजून द्यायचे आणि शेवटी मोजून घ्यायचे.

मग त्या आजीकडे वळून म्हणाल्या, “आजी, तुम्ही सूनबाईला तिफणीमागं मूठ धरायला शिकवलीत, तेव्हा आधी पाटीवर लिहून दिलं होतं का?”

आजी म्हणाली, “पाटीवर कसं? हाताला हात लावून शिकवलं.”

“किती दिवस लागले?”

“दोन पेरण्या गेल्या. आदी वाळूत शिकिवलं. एकदम बी दिलं तर वाया जातं.”

ताई म्हणाल्या, “मीही तेच करते आहे. हात तयार झाला की अक्षर देणार आहे. हात तयार नसताना पेन्सिल दिली तर अक्षरही वाया जातं आणि पोराचा शाळेचा लळाही.” त्यांनी हेही सांगितले की २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि त्यात खेळ व कृती यांतून शिकवावे असे म्हटले आहे.

आजी काही बोलली नाही. त्या दोन पालकांपैकी एकाने मुलाला आत सोडले. दुसऱ्यांनी आपली मुलगी परत नेली. ती अजून आलेली नाही. तिची कोय ताईंनी कपाटात जपून ठेवली आहे.

त्या दिवशी उरलेल्या वेळात मुले पटांगणाच्या कडेने गवतातून पळत गेली आणि परत आल्यावर कपड्यांना काय चिकटले ते पाहिले. कुसळे, आघाडा, गोखरू! बी स्वतः चालू शकत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या अंगावर बसून प्रवास करते. रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते. जांभूळ पाखरू खाते आणि बी दूर टाकते. हा धडा आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, पण स्वतःच्या चड्डीला चिकटलेला आघाडा काढताना तो जास्त समजतो.

शुक्रवार : आजी शिकवायला आली

शुक्रवारी सकाळी आजी काठी टेकत अंगणवाडीत आली. कोणी बोलावले नव्हते. ओच्यात ज्वारीची दोन कणसे होती. ताईंनी तिला खुर्ची दिली, पण ती खाली बसली. मुले भोवती गोळा झाली.

तिने दाखवले की बियाण्याचे कणीस कसे निवडायचे. भरगच्च, टपोरे, कीड नसलेले. ते खायचे नाही, कितीही भूक लागली तरी. मळून, वाळवून कणगीत ठेवायचे आणि त्यात कडुनिंबाचा पाला घालायचा. कडधान्य राखेत घोळून मडक्यात भरायचे. मग तिने तिफणीची गोष्ट सांगितली. तिफणीला तीन फण असतात, वर लाकडी चाडे असते. चाड्यात सोडलेले बी तीन नळ्यांतून तीन तासांत पडते. चाड्यावर मूठ धरणारी बाई बैलांच्या मागून चालत असते. मूठ जास्त सैल झाली तर पीक दाट होते, आवळली तर मध्ये खांडे पडतात.

मोठ्या मुलांना तिने मुठीत वाळू दिली आणि ती बोटांच्या फटीतून सारखी सोडत चालायला लावले. जमिनीवर वाळूच्या रेघा उमटल्या. कोणाची रेघ जाड, कोणाची तुटक. ताई हळूच आम्हाला म्हणाल्या, “पाहा, हे पूर्वलेखन.” मी माझीही रेघ ओढून पाहिली. ती तुटक आली. आजी म्हणाली, “सातवी शिकली म्हनं!” सगळे हसले.

त्यानंतर ताईंनी राहीबाई पोपेरे यांच्याविषयी सांगितले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान वाणांच्या बिया गोळा करून बियाण्यांची बँक उभी केली. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. हे ऐकून आजीने विचारले, “बियांसाठी सरकार मान देतं?” ताई म्हणाल्या, “देतं.” आजीने ओच्यातली कणसे पुन्हा एकदा नीट निरखून पाहिली.

शनिवार आणि पुढचा सोमवार : काय दिसले

शनिवारी भाऊ पुन्हा आला. दोन दिवस तो घरी होता. त्याने कागदातल्या दोन डाळिंब्या आणल्या आणि स्वतःच्या हाताने काड्यापेटीतल्या मातीत पेरल्या. मोठ्या मुलांनी भेंडीचे ठसे उमटवले. पुठ्ठ्यावर ताईंनी मोठा ‘ब’ काढून दिला, त्याच्या रेघेवर खळ लावून त्यांनी चिंचोके चिकटवले आणि त्यावरून बोट फिरवले. आजीला मी सांगितले, “बघ, अक्षर आले.” ती म्हणाली, “एकच?”

पुढच्या सोमवारी तिन्ही डबे बाहेर काढले. खिडकीतल्या डब्यात हिरवी, बुटकी, सरळ रोपे होती. अंधारातल्या डब्यात रोपे खूप उंच, पण पिवळी आणि लुळी होती. कोरड्या डब्यात काहीच नव्हते. आम्हाला वाटले होते की अंधारात रोप उगवणारच नाही. पण रुजायला उजेड लागत नाही, ओलावा, ऊब आणि हवा लागते. बीत साठवलेल्या अन्नावर रोप वाढत जाते. हिरवे व्हायला आणि पुढे स्वतःचे अन्न तयार करायला मात्र उजेड हवाच. अंधारातली रोपे उंच का झाली असे ताईंनी विचारले. एक चार वर्षांची मुलगी म्हणाली, “ती उजेड हुडकाया निघाल्यात.” आपल्या विज्ञानाच्या गुरुजींनी सांगितले की हे उत्तर बरोबर आहे.

भावाची काड्यापेटी मात्र रिकामीच राहिली. त्याला फार वाईट वाटले. तो म्हणाला, “माझंच का नाही?” तेव्हा ताईंनी भिजलेला एक अख्खा हरभरा हलकेच उघडून दाखवला. दोन दलांच्या मध्ये टोकाला एक इवलासा अंकुर असतो. तेच झाडाचे बाळ. दोन दले म्हणजे त्याची शिदोरी. दाणा फुटला की बाळ तुटते, मग शिदोरी असून उपयोग नाही. म्हणूनच हरभऱ्याची डाळ पेरली तर उगवत नाही. हरभरा, तूर, मटकी, भुईमूग, चिंच यांना अशी दोन दले असतात म्हणून ती द्विदल. ज्वारी आणि बाजरी यांची डाळ होतच नाही, कारण ती एकदल. हा फरक मी पाचवीत पाठ केला होता. तो कळला मात्र भावाच्या नाकातून निघालेल्या दाण्यामुळे.

ताईंनी त्याला दुसरा अख्खा दाणा दिला. त्याने तो पेरायच्या आधी माझ्याकडे पाहिले आणि नाकावर हात ठेवून “इथं नाही” असे सांगितले.

घरी करून पाहा

पालकांनो, यातले बरेचसे घरी करता येईल. खर्च काही नाही.

१. मटकी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून टांगा आणि मोड आलेले मुलाला दाखवून मग उसळ करा.
२. भाजी निवडताना मुलाला शेजारी बसवून शेंगा सोलायला द्या, आणि तुम्ही तिथेच बसा.
३. पिशवीत कोय, नारळ, भुईमुगाची शेंग, ज्वारीचे कणीस घालून डोळे मिटून ओळखायला लावा. मुलाला शब्द सापडतात.
४. मुलाने प्रश्न विचारला तर “गप बस” म्हणू नका. माझ्या भावाला प्रश्न पडला होता. तो त्याने मला विचारला असता तर नाकात घातला नसता. त्या वेळी मीच जागेवर नव्हते.

शेवटी एवढेच सांगते. लहान मूल जे ऐकते ते करून पाहते. म्हणून त्याला करून पाहण्याजोगे काहीतरी द्यावे आणि ते करत असताना त्याच्याजवळ बसावे. दोन्ही लागते. मी पहिले दिले आणि दुसरे विसरले.

आजी अजून रोज संध्याकाळी विचारते, “आज किती अक्षरं झाली?” पण परवा तिने स्वतः निवडलेल्या गावरान वालाची पुडी भावाच्या दप्तरात घातली. वर बजावले, “बाईंच्या हातात द्यायची. सोडायची न्हाई.” पुढचा आठवडा ‘बाजार’ या विषयाचा आहे. तराजू आम्ही करवंट्यांचा करणार आहोत. आणि मी जागेवरून उठणार नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी